योगनिद्रेत संकल्प कसा ठरवावा? रोज नवा घेतला तर चालतो का?

रोज बदलू नका. योगनिद्रा म्हणजे आडवं पडून, पण जागं राहून घेतलेली खोल विश्रांती, आणि संकल्प म्हणजे त्यात मनाशी म्हटलेलं निश्चयाचं एक वाक्य. बिहारमधल्या मुंगेरच्या योगगुरू स्वामी सत्यानंद सरस्वतींनी रुजवलेल्या पद्धतीत संकल्प दोनदा येतो: सुरुवातीला, शरीर सैल सोडल्यावर, आणि शेवटी, बाहेर येण्याआधी. दोन्ही वेळा मनातल्या मनात तीनदा, तेच शब्द. वाक्य छोटं आणि होकारार्थी हवं. ‘मी चिडणार नाही’ म्हटलं की मन चिडण्याभोवतीच फिरत राहतं. त्यापेक्षा ‘मी शांतपणे ऐकून घेतो’ म्हणा. पगारवाढ, फ्लॅट असल्या मागण्या माझ्या मते इथे नकोतच. वाक्य सुचत नसेल तर ती जागा काही दिवस रिकामी ठेवा, पण दुसऱ्याचं उसनं घेऊ नका. आणि जेवून लगेच आडवे होऊ नका. झोप लागली तर शेवटचा संकल्प हुकतो.