जुना लष्करी पिस्तूल कोर्स घरच्यांसोबत करताना

पत्नी, सोळा वर्षांची मुलगी आणि उन्हाळ्यापुरते भारतातून आलेले वडील यांच्यासह १९११ या .४५ इंची गोळीच्या अमेरिकी लष्करी पिस्तुलाचा जुना कोर्स, म्हणजे ठरलेल्या अंतरांवरून ठरलेल्या वेळेत गोळ्या झाडण्याच्या फेऱ्या करायच्या आहेत, तर पिस्तूल दोन्ही हातांनी धरून आणि जवळून केले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. आम्ही घरच्यांनी तो सलग तीन उन्हाळे केला आहे, त्या अनुभवावरून सांगतो: अंतर कमी करा, पिस्तूल हलके घ्या, पण एक हात आणि वेळेची मर्यादा यांना मात्र हात लावू नका.

त्याआधी कायद्याचे बोलतो. पर्यटक व्हिसावर आलेल्या व्यक्तीने रेंजवर पिस्तूल हातात घेणेसुद्धा अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार शस्त्र बाळगण्यात मोडते; एच-१बी व्हिसावरील आपल्या मंडळींनाही हाच नियम लागू आहे आणि वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. म्हणून वडिलांकडे स्टॉपवॉच द्या. माझ्या वडिलांनी ते काम इतक्या निष्ठेने केले, की दहाव्या सेकंदानंतर उडालेली माझी गोळी त्यांनी गुणांत धरू दिली नाही. मुलगी अठरा वर्षांखालील असल्याने तुमची लेखी संमती तिच्याजवळ असू द्या आणि तुमच्या राज्याचे नियम वेगळे पाहून घ्या.

ओहायोतील कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय सामन्यांतून रुळलेला हा कोर्स तीस गोळ्यांचा आणि तीनशे गुणांचा आहे. ५० यार्डांवरून दहा मिनिटांत दहा गोळ्या (ही संथ फेरी), मग २५ यार्डांवरून वीस सेकंदांत पाच अशा दोन फेऱ्या आणि शेवटी दहा सेकंदांत पाच अशा दोन फेऱ्या. सगळे उभ्याने आणि एका हाताने. एका हाताची ही पद्धत घोडदळाच्या काळापासूनची आहे, कारण स्वाराचा दुसरा हात लगामावर असे. दहा गुणांचे वर्तुळ ३.३६ इंचांचे, म्हणजे छोट्या पुरीएवढे असते. दुसऱ्या हाताचा आधार घेतला, की ट्रिगर ओढताना झालेली चूक झाकली जाते आणि ती चूक दिसावी हेच तर या कोर्सचे मोल आहे. मोकळा हात खिशात ठेवा, म्हणजे खांदा सैल राहतो.

नवख्यांनी .२२ या लहान, हलक्या गोळीच्या पिस्तुलाने सुरुवात करावी आणि संथ फेरीसाठी २५ यार्डांचे लहान केलेले लक्ष्य वापरावे. .४५ची गोळी २३० ग्रेनची (सुमारे १५ ग्रॅम) आणि पिस्तूल रिकामे असतानाच सुमारे १.१ किलोचे, ते लांबवलेल्या हातात दहा मिनिटे धरणे सरावाशिवाय जमत नाही. तुमचे पिस्तूल मूळ एम१९११ असेल, तर अंगठा आणि तर्जनी यांमधली कातडी मागे येणाऱ्या हॅमरखाली चिमटते. नंतरच्या एम१९११ए१मध्ये ग्रिप सेफ्टीची (मुठीच्या मागच्या सुरक्षा-कळीची) शेपटी लांबवली आहे, म्हणून मुलीसाठी तेच बरे.

माझ्या पत्नीच्या गोळ्या दहा सेकंदांच्या फेरीत सारख्या खाली डावीकडे जात होत्या. मी मॅगझिनमध्ये तिच्या नकळत एक डमी (दारू नसलेले) काडतूस घालू लागलो. स्फोट न होताच पिस्तुलाचे तोंड खाली झुकलेले तिने स्वतः पाहिले आणि बार होण्याआधीच आपले मनगट दबते, हे मला समजावून सांगावेच लागले नाही. नंतर रोज संध्याकाळी दहा मिनिटे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, कोऱ्या भिंतीसमोर ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने सराव केला: नजर फक्त पुढच्या साइटवर (नळीच्या टोकावरच्या नेम धरण्याच्या खुणेवर) आणि बोट हळूहळू मागे. लक्ष्य धूसर दिसले तरी चालते, साइट धूसर दिसता कामा नये.

कानात प्लग आणि वर मफ, असे दोन्ही लावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. रेंजवरून निघताना डबा उघडण्यापूर्वी सर्वांनी साबण आणि थंड पाण्याने हात धुवावेत, कारण बोटांवर शिसे राहते.