पैसे देऊन प्लेटेस्टिंग करायचं तर सत्रं कशी लावावीत?

तिघांनी मिळून बनवलेला कोड्यांचा गेम, तासभर खेळता येईल इतका तयार. मित्र खेळून "भारी झालाय" म्हणतात, आणि आता अनोळखी माणसांना पैसे देऊन खेळवून बघायचंय. माणसं किती बोलवायची, पैसे कसे ठरवायचे आणि सत्र चालवायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे. छोट्या गेमसाठी अशी सत्रं मी बरीच वर्षं लावतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैसे द्यायचं ठरवलंत ते फार चांगलं केलंत. मित्र खेळताना मैत्रीही सांभाळत असतो. अनोळखी माणसाला मोबदला दिला की तो तुमचं काही देणं लागत नाही. मात्र पैसे त्याच्या वेळेचे आहेत, मताचे नाहीत, हे त्याला मनापासून पटायला हवं. सत्राची सगळी मांडणी मी याच एका गोष्टीवरून ठरवते.

त्यामुळे रक्कम आधीच लेखी कळवा. गेम आवडो न आवडो, पूर्ण होवो न होवो, दहाव्या मिनिटाला क्रॅश होवो, रक्कम तीच. मी तर पाकीट आल्या आल्या हातात देते, आणि सत्र ऑनलाइन असेल तर सुरू व्हायच्या आधी पैसे पाठवते. हे मी एका मुलामुळे शिकले. तो आमचा फर्स्ट पर्सन, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा, गेम खेळत होता. विसाव्या मिनिटाला त्याने खुर्ची थोडी मागे सरकवली. घोटभर पाणी प्याला. दोन मिनिटांनी परत घोटभर. विचारलं तर "ठीक आहे" म्हणाला आणि पुढे अर्धा तास खेळत राहिला. कॅमेऱ्याच्या हिंदकळण्याने त्याला मळमळत होतं, पण मधेच उठलो तर पैसे कापतील अशी त्याची समजूत होती. कापू असं आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं, पण कापणार नाही असंही लिहिलं नव्हतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं. आता ते वाक्य पत्रात असतं आणि मी तोंडीही सांगते.

रक्कम किती? आकडा जागेप्रमाणे बदलेल, पण हिशोब सोपा आहे. त्या माणसाला तासाभराच्या कामाचे साधारण जितके मिळतात त्याहून थोडे जास्त धरा, आणि तास मोजताना येण्याजाण्याचा वेळही मोजा. फार कमी दिलेत तर फक्त गेमवेडी मंडळी येतील. फार जास्त दिलेत तर निवडीच्या फॉर्मवर खोटं लिहिणारे वाढतील. गेमची फुकट प्रत हा मोबदला समजू नका, ती वर भेट म्हणून द्या. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळा: पैसे दिलेल्या माणसाकडे स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, रिव्ह्यू मागू नका. मोबदला देऊन रिव्ह्यू घेणं त्यांच्या नियमात बसत नाही, शिवाय मागितलात की वेळेचे दिलेले पैसे मताचे होऊन बसतात.

माणसं निवडायला पाच-सहा प्रश्नांचा फॉर्म पुरतो. "तुम्हाला कोडी आवडतात का?" असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील. त्याऐवजी दहा गेमची नावं द्या आणि गेल्या तीन महिन्यांत यातले कोणते खेळलात ते विचारा. त्यात एक नाव मनाने बनवलेलं घाला. त्यावर खूण करणाऱ्याला बोलवू नका. गेम बनवणारे लोकही शक्यतो टाळा. कुठे अडलं ते सांगायचं सोडून ते उपाय सुचवायला लागतात. खेळाडू अल्पवयीन असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. गेममध्ये लखलखाट असेल तर तेही बोलावतानाच सांगा. १९९७ साली जपानमध्ये 'पोकेमॉन' मालिकेच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने सहाशेहून जास्त जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं होतं. ही औपचारिकता समजू नका.

आता संख्या. पाच माणसांत ८५ टक्के अडचणी सापडतात, हे तुमच्याही वाचनात आलं असेल. ते सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन आणि टॉमस लँडावर यांच्या १९९३ सालच्या गणितावरून आलंय. त्यात एका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी भेटतात असं धरलंय. गेममध्ये हे प्रमाण खूप खाली येऊ शकतं, कारण निम्मे लोक तिसऱ्या लेव्हलपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून मी पाच हा आकडा एका फेरीपुरता धरते आणि फेऱ्या तीन-चार करते. पंधरा जणांपुरते पैसे असतील तर पाच-पाच जण बोलवा आणि मधल्या काळात दुरुस्ती करा. 'एज ऑफ एम्पायर्स २' या गेमचं ट्युटोरियल (खेळ शिकवणारा सुरुवातीचा भाग) तपासताना मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी तर अडचण आणि उपाय स्पष्ट असला की पुढचा खेळाडू यायच्या आतच बदल केले. २००२ मध्ये ही पद्धत त्यांनी 'राइट' (RITE) या नावाने लिहून काढली. तिघांच्या टीमला ती उत्तम जमते, कारण परवानगी कुणाची घ्यायची नसते. 'हॅलो ३' या मोठ्या गेमसाठी सुमारे ६०० जणांकडून ३,००० तासांहून जास्त खेळवून घेतलं होतं, हे वाचून घाबरू नका. खेळाडू नकाशावर कुठे कुठे मरतात हे मोजायला तेवढे लोक लागतात. तुम्हाला सध्या एवढंच बघायचंय की गेम समजतोय का. शिवाय एकदा खेळलेला माणूस पहिल्यांदा खेळू शकत नाही, त्यामुळे सगळे नवे खेळाडू एकाच दिवशी खर्चून टाकू नका.

सत्र नव्वद मिनिटांचं ठेवा: दहा मिनिटं ओळख, तासभर खेळ, उरलेला वेळ बोलणं. दोन सत्रांत अर्धा तास मोकळा हवा. एक माणूस राखीव बोलवा आणि त्याची गरज पडली नाही तरी त्याला पूर्ण पैसे द्या. आदल्या दिवशी त्याच कॉम्प्युटरवर, त्याच कंट्रोलरने एक रंगीत तालीम करा. आम्ही ओबीएस या सॉफ्टवेअरने स्क्रीन रेकॉर्ड करतो आणि दुसरा कॅमेरा हातांवर लावतो. रेकॉर्डिंगची संमती गोपनीयतेच्या करारापासून वेगळ्या कागदावर घ्या, आणि फाइल कधी पुसणार तेही त्यावर लिहा.

हातांवर कॅमेरा कशाला, ते सांगते. आमच्या एका गेममध्ये पाण्याखालचं दार होतं. एक बाई तिथे पोचल्या. अंगठा बटणावर, दाबला, दार हललं नाही. परत दाबला. मग अंगठा बटणावरून उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला. दार उघडायची कळ पडद्याच्या डाव्या कडेला वेलीआड होती. ती वेल आमच्या चित्रकाराने आदल्याच आठवड्यात रंगवली होती. नऊ मिनिटं गेली. "डावीकडे बघा" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर होते. नंतर फॉर्मवर बाईंनी लिहिलं, "कोडं छान होतं, मीच जरा हळू आहे." नुसता फॉर्म वाचला असता तर ते दार आम्ही तसंच ठेवलं असतं. अधांतरी अंगठा बघून वेल छाटली. पुढच्या पाचातले चौघं मिनिटभरात आत गेले.

म्हणून गप्प बसा. हे सर्वात अवघड आहे आणि सर्वात मोलाचंही. १९९८ सालच्या 'हाफ-लाइफ' या गेमसाठी तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने दोनशेहून जास्त सत्रं घेतली. खेळाडू धडपडत असताना ती लेव्हल बनवणाऱ्याने मागे बसून मुकाट बघायचं, असा तिथला शिरस्ता होता. दोन तासांतून शंभरेक दुरुस्त्या निघायच्या. मदत किती मिनिटांनी आणि कोणत्या शब्दांत करायची हे आधी लिहून ठेवा. आम्ही दहा मिनिटं थांबतो आणि सगळ्यांना तीच एक ओळ सांगतो. सुरुवातीला "परीक्षा गेमची आहे, तुमची नाही" हे नक्की सांगा. त्या बाईंना मी ते घाईघाईत सांगितलं होतं.

नंतरच्या गप्पांत "आवडलं का?" विचारू नका. "त्या दारापाशी तुम्ही काय करून बघत होतात?" किंवा "हा गेम मैत्रिणीला कसा सांगाल?" असं विचारा आणि उत्तरानंतर चार-पाच सेकंद थांबा. खरं काय ते बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच येतं.

खेळाडू गेल्यावर लगेच तिघं एकत्र बसा. कागदाच्या एका बाजूला काय दिसलं ते, दुसऱ्या बाजूला तो काय म्हणाला ते. जो भाग ज्याने बनवलाय, त्या भागाची टिपणं बाकीच्या दोघांनी लिहावीत.