इतकी वर्षे वाया गेली का? बंदिस्त धार्मिक गटातून बाहेर पडलेल्यांचा एक प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांपैकी काही जणांची तक्रार सुरुवातीला अगदी साधी वाटते. झोप लागत नाही, छातीत धडधडते, निर्णय घेता येत नाही, असे ते सांगतात. दोन-तीन भेटींनंतर कळते, की आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे त्यांनी एखाद्या लहान, कडक नियमांच्या धार्मिक गटात घालवली आणि आता ते तिथून बाहेर पडले आहेत. मग खरा प्रश्न येतो. “मी शिकलेला माणूस, मला हे कळले कसे नाही? इतकी वर्षे वाया गेली का? आणि बाहेर पडूनही भीती का जात नाही?” घरच्यांना वाटते, की सुटला एकदाचा, आता आनंदात राहायला काय हरकत आहे. तो आनंद का येत नाही, हे एका अनुभवाच्या आधारे मांडते. संबंधित व्यक्तीची आणि त्यांच्या पत्नीची त्यासाठी परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि गटाचे नाव दिलेले नाही. त्या गृहस्थांना आपण ‘सर’ म्हणू, कारण ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत आणि तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात त्यांना सगळे तसेच म्हणतात.

सर गटात गेले ते तिशीच्या आत. वडील जळगावच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत असताना भाऊबंद येऊन जात होते, पण रात्रभर बाकावर बसून राहिली ती या गटातली चार-पाच माणसे. त्यांनी डबा आणला, औषधे आणली, अंत्यविधीची धावपळ केली आणि बदल्यात काही मागितले नाही. गावातल्या दोघातिघांची दारूही याच मंडळींनी सोडवली होती. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘तुम्ही फसलातच कसे?’ असे विचारणाऱ्याच्या डोक्यात गटाचे शेवटचे रूप असते आणि माणूस गेलेला असतो तो पहिल्या रूपाकडे. जाचाच्या ओढीने कुणीच जात नाही. दुःखाच्या वेळी जो जवळ बसला, त्याच्या पाठोपाठ माणूस जातो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

नियम एकेक करून आले. आधी बाहेरचे खाणे बंद झाले, मग गटाबाहेरच्या लग्नाला जाणे, मग सणावाराला नातेवाइकांकडे उतरणे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातली लेक माहेरी येते, झोका बांधला जातो, गौराईची गाणी होतात. सरांनी आपल्या दोन्ही बहिणींना निरोप पाठवला, की यायचे असेल तर आमच्या पद्धतीचे जेवावे लागेल आणि गाणी होणार नाहीत. पहिल्या वर्षी बहिणी रडून परत गेल्या. पुढे त्यांनी येणे सोडले. सरांना त्या वेळी वाटले, की आपण मोठा त्याग केला.

गटप्रमुख, ज्यांना सारे ‘बाबा’ म्हणत, ते वारल्यावर गट आटू लागला. एके काळी गुरुवारी दोनशे माणसांची पंगत उठत असे, ती पुढे एका सतरंजीवर मावू लागली. गट लहान झाला की पकड सैल होईल, असे बाहेरच्याला वाटते, पण माझ्या अनुभवात बहुधा उलटे घडते. केळीच्या मळ्यातल्या त्या पत्र्याच्या हॉलचे वीजबिल तेच राहते, वार्षिक भंडारा तेवढाच व्हावा असा आग्रह राहतो, आणि तो खर्च व ती सेवा कमी माणसांवर येऊन पडते. दोनशे माणसांत एखादा गुरुवार चुकला तर कुणाच्या लक्षात येत नाही. वीस माणसांत रिकामी जागा सगळ्यांना दिसते. मुलांची लग्ने गटातच करायची, पण स्थळे उरलेली नसतात. जो जातो त्याच्याविषयी सांगितले जाते, की कोंडा उडाला आणि गहू राहिला. हे वाक्य सरांनी स्वतः कित्येकदा भाषणात वापरले होते, आणि म्हणूनच त्यांना स्वतःला निघणे अवघड झाले. निघणे म्हणजे आपणच ज्यांना कोंडा म्हटले, त्यांच्या रांगेत जाऊन उभे राहणे. शिवाय भविष्य निर्वाह निधीतला मोठा भाग देऊन झालेला, बहिणी दुरावलेल्या, मुलगा घर सोडून गेलेला. एवढे मोजून झाल्यावर ‘हे चुकीचे होते’ असे म्हणायला जे बळ लागते, ते दर वर्षी थोडे थोडे आणखी लागते. शिक्षणाचा इथे फारसा उपयोग होत नाही. उलट शिकलेला माणूस स्वतःची समजूत घालणारी कारणे अधिक चांगली शोधतो.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी १९५० च्या दशकात चीनमधील ‘विचारसुधारणे’तून, म्हणजे दबावाने माणसांचे राजकीय विचार बदलण्याच्या मोहिमेतून, गेलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि अशा बंदिस्त वातावरणाची आठ लक्षणे १९६१ मध्ये मांडली. बाहेरच्या जगाशी संपर्क आवळणे, शुद्धतेचा अशक्य आग्रह धरणे आणि चुकांची वारंवार कबुली घेणे ही त्यांतली तीन. चीनमधल्या त्या राजकीय छावण्यांचा आणि आपल्याकडच्या मळ्यातल्या हॉलचा काही संबंध नाही, तरी सरांना मी ही यादी वाचून दाखवली तेव्हा कबुलीपाशी ते थांबले आणि पुढच्या भेटीला एक वही घेऊन आले.

जाड पुठ्ठ्याची, शाळेच्या हजेरीपटासारखी रेघा आखलेली वही होती. रकाने चार होते : दिनांक, नाव, उणीव, प्रायश्चित्त. मास्तरांचे अक्षर चांगले म्हणून लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आलेले. दर गुरुवारी प्रत्येकाने उभे राहून आठवड्यातली उणीव सांगायची आणि सरांनी ती नोंदवायची. स्वतःहून न सांगणाऱ्याची उणीव दुसऱ्याने सांगायची. एका पानावर त्यांच्या पत्नीचे नाव होते आणि पुढे सुबक अक्षरात लिहिले होते, “बहिणीच्या घरी चहा घेतला.” प्रायश्चित्ताच्या रकान्यात तीन गुरुवार हॉल झाडणे. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही.

या वहीमुळेच ते बाहेर पडले. मोठी बहीण वारली, ते गटाला न विचारता दहाव्याला गेले, आणि पुढच्या गुरुवारी ती नोंद त्यांना स्वतःच्या हाताने करायची होती. दिनांक लिहिला, नाव लिहिले, तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबले. ते वही घेऊन उठले, पत्नीला हाक मारली आणि दोघे घरी आले. पुन्हा गेले नाहीत.

आता भीतीविषयी. बाहेर पडणाऱ्याला गटात वर्षानुवर्षे ऐकवलेले असते, की जो गेला त्याचे वाटोळे झाले. त्यामुळे पुढे जे काही वाईट घडेल त्याचे कारण आधीच तयार असते. सरांच्या पत्नीची साखर वाढली, तेव्हा त्यांना वाटले शिक्षा झाली. उन्हाळ्याच्या अखेरीस वादळात केळी आडवी झाली, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. अशा वेळी ‘हे सगळे थोतांड आहे’ असे सांगून काही साधत नाही, कारण ती भीती वादविवादातून आलेली नसते. मी त्यांना एक काम दिले. त्या वादळात शिवारात कुणाकुणाची केळी पडली हे विचारून या आणि लिहून आणा. यादी लांबलचक आली, आणि तिच्यात गटात राहिलेल्या दोन शेतकऱ्यांची नावेही होती. भीती त्या दिवशी गेली नाही, पण तिच्यासमोर ठेवायला काहीतरी हाती आले. पुढचे काही महिने प्रत्येक अरिष्टाबरोबर आम्ही हेच करत राहिलो.

निर्णयाचेही तसेच. पहिल्यांदा हॉटेलात बसले तेव्हा शेवभाजी घ्यावी की भरीत, हे सरांना ठरवता येईना. वेटर दोनदा येऊन गेला आणि ते पाणी पिऊन उठले. ज्याच्या साध्या साध्या गोष्टी तीस वर्षे दुसऱ्याने ठरवल्या, त्याचे हे आळशीपण नव्हे, त्याची ठरवण्याची सवयच मोडलेली असते. म्हणून आम्ही भाजीपासून, शर्टाच्या रंगापासून सुरुवात केली आणि जमिनीच्या, पैशांच्या मोठ्या निर्णयांना काही काळ हात लावू नये असे ठरवले. बाहेर पडलेली माणसे या अवस्थेत पटकन दुसरा गुरू शोधतात किंवा कुणाच्याही सल्ल्याने कागदावर सही करतात, हे मी पाहिले आहे.

श्रद्धेबाबत मी कोणताच आग्रह धरत नाही. काही जण बाहेर पडल्यावर देवाचे नावही ऐकू शकत नाहीत. काहींना श्रद्धाच सावरते. सरांना भजन ऐकले की घाम फुटत असे. मुक्ताईनगरजवळ कोथळीला मुक्ताईचे मंदिर आहे. आषाढी वारीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा लोक येतात, चालतात, मध्येच घरी परततात, आणि परतणाऱ्याचे नाव कुणी वहीत लिहीत नाही. एका वर्षी सर रस्त्याच्या कडेला उभे राहून पालखी जाईपर्यंत थांबले. चालले नाहीत. “उभे राहता आले, एवढेच पुरे,” असे ते म्हणाले, आणि मलाही तेवढे पुरेसे वाटले. भक्तीत दोष आहे असे मला म्हणायचे नाही. जिथून उठून जाता येत नाही, ज्याने प्रश्न विचारला त्याला वेगळे काढले जाते आणि ज्याच्यामुळे आपली माणसे तुटतात, तिथे सावध व्हावे, मग देव कोणताही असो.

वाया गेलेल्या वर्षांच्या प्रश्नाला मी ‘नाही, वाया गेली नाहीत’ असे घाईने उत्तर देत नाही, कारण काही गोष्टी खरोखर गेलेल्या असतात आणि त्यांचा शोक करावाच लागतो. मोठी बहीण परत येणार नाही. पण सरांनी दुसऱ्यांच्या वडिलांसाठी दवाखान्यात ज्या रात्री जागून काढल्या, त्या बाबांच्या नव्हत्या, सरांच्या होत्या. शाळेत त्यांनी शिकवलेली मुले गटाची नव्हती. दारू सोडलेला शेजारी आजही दारू पीत नाही. आणि दुसऱ्या बाजूला, लोकांच्या उणिवा सुबक अक्षरात लिहिणारा हातही त्यांचाच होता. फसवले गेलेले आणि इतरांना जाच करण्यात सामील झालेले, असे ते दोन्ही होते. यातली कोणतीही एक बाजू गाळून बरे वाटण्याचा प्रयत्न केला तर तो टिकत नाही, असे मला ठामपणे वाटते. त्यांना ज्यांची माफी मागावीशी वाटली, त्यांची यादी आम्ही केली. धाकट्या बहिणीकडे जाताना कारणे सांगायची नाहीत, बाबांचे नाव काढायचे नाही आणि ती काय म्हणेल ते शेवटपर्यंत ऐकायचे, एवढे ठरले. ती पुष्कळ बोलली. त्या वर्षीच्या आखाजीला ती आली नाही. पुढच्या वर्षी आली.

नातेवाइकांसाठी एक गोष्ट सांगते. श्रावणात कानबाई या खान्देशातल्या देवीच्या रोटांसाठी भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठमूठ धान्य घेतात. सर तो सण पाळत नव्हते, त्या साऱ्या वर्षांत त्यांचे चुलतभाऊ त्यांच्या नावाची मूठ दरवर्षी काढत राहिले आणि तसा निरोपही पाठवत राहिले. सर उत्तर देत नसत. पण बाहेर पडल्यावर ते पहिल्यांदा गेले ते याच चुलतभावाकडे. तुमचे माणूस अशा गटात असेल तर गुरूची निंदा करू नका, ‘आम्ही सांगत होतो’ हे वाक्य कधीच बोलू नका, आणि सणाचा निरोप बंद करू नका. बहिष्काराचा जाच होत असेल तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. सरांनी तक्रार करायची नाही असे ठरवले. तो त्यांचा निर्णय. झोप पूर्ण उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर मात्र थांबू नये, मनोविकारतज्ज्ञांना भेटावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

मुलगा सुरतेला उधन्यात राहतो. गटाबाहेरच्या मुलीशी लग्न करायचे म्हणून तो गेला होता आणि त्याने पाठवलेली पत्रे सरांनी न फोडता परत केली होती. आता तो आईशी फोनवर बोलतो, वडिलांशी बोलायला अजून तयार नाही. सरांना मी घाई करू देत नाही.

त्यांच्या पत्नी आता स्वतंत्रपणे माझ्याकडे येतात. नवऱ्याच्या मागे त्या गटात गेल्या आणि नवऱ्याच्या मागेच बाहेर आल्या, दोन्ही वेळा त्यांना कुणी विचारले नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. सरांना ती वही जाळून टाकायची होती. पत्नींनी नकार दिला. आपले नाव जिथे जिथे आहे ते प्रत्येक पान त्यांना सरांच्या तोंडून वाचून घ्यायचे आहे, आणि ते काम सध्या माझ्या खोलीत एकेका भेटीत एकेक पान असे चालू आहे. वाचून झाल्यावर वहीचे काय करायचे हे त्या ठरवणार आहेत, आणि सरांनी ते मान्य केले आहे.