तडजोडीला एका धनकोचा विरोध असेल तर

प्रश्न : जिल्हा न्यायालयाने मला नादार (दिवाळखोर) ठरवले आहे. अकरा धनकोंचे मिळून 40 लाख रुपये देणे आहे. दहा जण तडजोडीला, म्हणजे ठरावीक रक्कम घेऊन देणे मिटवायला, राजी आहेत. 9 लाख येणे असलेला एक घाऊक व्यापारी मात्र अडून बसला आहे. त्याच्याविना मंजुरी मिळेल का?

उत्तर : मिळू शकते. मुंबई शहराबाहेर 1920 चा प्रांतिक नादारी कायदा लागू होतो. त्याच्या कलम 38 नुसार, ज्यांचे येणे शाबीत झाले आहे आणि जे स्वतः किंवा वकिलामार्फत हजर आहेत, अशा धनकोंपैकी संख्येने बहुमत व रकमेने तीन चतुर्थांश संमती लागते. सगळे आले तर तुमच्या बाजूला 31 लाख, म्हणजे साडेसत्याहत्तर टक्के आहेत. पण 5 लाखांचा एखादा अनुकूल धनको त्या दिवशी आलाच नाही, तर 35 पैकी 26 लाख उरतात आणि गणित फसते. घरी बसून दिलेला होकार मोजला जात नाही.

प्रश्न : मी विरोध करणारा धनको आहे. रुपयामागे 25 पैसे देऊ केले आहेत आणि होकार देणाऱ्यांत नादाराचा मेहुणाही आहे. मला काही करता येईल का?

उत्तर : बहुमत झाले म्हणून न्यायालय डोळे मिटून शिक्का मारत नाही. रिसीव्हरचा (नादाराची मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीचा) अहवाल आणि तुमच्या हरकती ऐकल्यावर अटी वाजवी नाहीत किंवा सर्व धनकोंच्या हिताच्या नाहीत असे वाटले, तर मंजुरी नाकारणे न्यायालयाला भागच असते. केवळ 'रक्कम फार कमी आहे' असे म्हणून सहसा भागत नाही. मालमत्ता विकून किती हाती येईल, हे दाखवा. मेहुण्याचे येणे खोटे वाटत असेल, तर ते न्यायालयाच्या धनकोंच्या यादीतून काढण्याचा अर्ज करा. सर्वांत भक्कम मुद्दा हिशेबवह्यांचा. त्या ठेवल्या नव्हत्या, सट्टा खेळला गेला किंवा एखाद्याला गैरवाजवी झुकते माप दिले, असे शाबीत झाल्यास बिनतारणी देण्यांवर रुपयामागे किमान सहा आणे, म्हणजे साडेसदतीस पैसे, देण्याची वाजवी हमी असल्याशिवाय मंजुरी देता येत नाही. आणे चलनातून गेले, कायद्यातून गेलेले नाहीत!

प्रश्न : मंजुरीनंतर हप्ता थकला तर?

उत्तर : मंजुरीबरोबर नादारीचा हुकूम रद्द होतो आणि यादीतले सर्व धनको, विरोध करणारेही, तडजोडीने बांधले जातात. हप्ता चुकला किंवा मंजुरी लबाडीने मिळवल्याचे आढळले, तर कलम 40 नुसार न्यायालय ऋणकोला पुन्हा नादार ठरवू शकते.