टक्का नेमका कशावरचा?

या वेळी पैशांबद्दलची तुमची पत्रं जरा जास्तच आली, बरीचशी डिसेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो रेट उतरवल्याच्या बातमीनंतरची. सगळी घेता आली नाहीत. एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसल्यामुळे मला एक सवय लागलीय, समोरच्याने टक्का म्हटलं की मी आधी विचारते, कशावरचा आणि किती दिवसांचा? तुमची पत्रं वाचतानाही तेच विचारत होते.

ताई, मी 67 वर्षांची, इंदूरच्या सुदामा नगरला राहते. यांच्या रिटायरमेंटचे 12 लाख एफडीत आहेत, 7.25 टक्क्यांनी, जानेवारीत मॅच्युअर होताहेत. बँकेतला मुलगा म्हणतो आता 6.25 मिळेल. टीव्हीवर मात्र रेपो रेट कमी झाला, सामान्यांना दिलासा असं चाललंय. आमचं घर याच व्याजावर चालतं, मग आमचा दिलासा कुठाय?

काकू, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे, ही बातमी तुमच्यासाठी दिलाशाची नाहीच. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना थोड्या दिवसांसाठी ज्या दराने पैसे देते तो दर. 2025 सुरू झालं तेव्हा तो 6.50 होता, फेब्रुवारीत 6.25, एप्रिलमध्ये 6, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का उतरून 5.50 आणि आता डिसेंबरात 5.25, म्हणजे एका वर्षात सव्वा टक्का गेला. बँकेला पैसा स्वस्त मिळायला लागला की ती तुमच्या पैशाला तरी जास्त भाव कशाला देईल? दिलासा आहे तो कर्ज घेतलेल्याला, कारण ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, होमलोन बाहेरच्या एखाद्या दराशी जोडावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी तो दर रेपोच असतो. तुमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलाचा हप्ता उतरला असेल आणि तुमचं व्याज, बातमी एकच, फक्त भिंतीच्या या बाजूला वेगळी लागते.

आता तुमचा हिशोब. 12 लाखांवर 7.25 ने वर्षाचे 87,000, 6.25 ने 75,000. बारा हजारांचा फरक, म्हणजे महिन्याला हजार रुपये, तुमच्या वयात एवढ्यात बीपी-शुगरच्या गोळ्या येतात, तेव्हा एकच टक्का तर आहे असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

तुम्ही साठच्या वर आहात, म्हणून सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम आधी बघा, पोस्टात आणि बऱ्याच बँकांतही मिळते. एप्रिल 2023 पासून तिचा दर 8.2 टक्के आहे, सरकार दर तीन महिन्यांनी नवा दर काढतं पण तुम्ही ज्या दिवशी पैसे टाकले त्या दिवशीचा दर पाच वर्षं तुमचाच राहतो, ही तिची खरी मोठी गोष्ट. 30 लाखांपर्यंत टाकता येतात. 12 लाखांवर वर्षाला 98,400, दर तीन महिन्यांनी 24,600 खात्यात जमा. पण सगळे 12 लाख तिथे टाकू नका हं, कारण मधेच मोडलं तर कापतात, पहिल्या वर्षात मोडलं तर व्याजच मिळत नाही, दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि नंतर एक टक्का मुद्दलातून जातो. दोन-तीन लाख साध्या एफडीत ठेवा, तेही एक रिसीट करू नका, लाख-लाखाच्या वेगवेगळ्या मुदतीच्या करा, म्हणजे हॉस्पिटलचं काही निघालं तर एकच मोडावी लागेल. घरात अजून जुन्या एफडी जास्त दराच्या असतील तर त्यांना हात लावू नका, चालू एफडीचा दर रेपोमुळे उतरत नाही.

आणि आजच एक काम करा, रिसीट काढून बघा, मॅच्युरिटीच्या सूचनेत ऑटो रिन्यूअल, म्हणजे आपोआप पुन्हा एफडी, असं लिहिलंय का. काउंटरवर मी कितीतरी जणांना पाहिलंय, तारीख उलटल्यावर महिन्याने येतात आणि तोवर पैसे पडलेल्या दराने पुन्हा अडकलेले असतात. तुमच्यावर टॅक्स बसत नसेल तर व्याजातून टॅक्स कापू नये म्हणून एप्रिलमध्ये बँकेत त्याचा फॉर्म (आधी त्याला 15एच म्हणायचे) द्यायला विसरू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की एक पतसंस्था 11 टक्के देतेय. काकू, बँक बुडाली तर एका माणसाचे एका बँकेतले, सगळ्या ब्रँचेस मिळून, मुद्दल-व्याज धरून 5 लाखांपर्यंत विम्यातून मिळतात, 2020 पर्यंत हे फक्त एक लाख होतं. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. माझी आई असती तर मी तिला तिथे एक रुपया टाकू दिला नसता, म्हणून तुम्हालाही तेच सांगते.

ऑक्टोबर 2025 मध्ये महागाई 0.25 टक्के झाली असं पेपरात आलं. मी सियागंजातून महिन्याचा किराणा आणतो, मला तर बिल कमी झालेलं दिसलं नाही. आकडा खोटा आहे का?

दादा, आकडा खोटा नाहीये, तो कशावरचा आहे तेवढं बघायला हवं. तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना आहे. समजा एक सामान 100 चं होतं, एका वर्षात 106 झालं, पुढच्या वर्षी 106 रुपये 26 पैसे, तर महागाई पाव टक्काच झाली, पण तुम्ही काही परत 100 वर आला नाहीत, ते सहा रुपये कायमचे गेले. दुसरं म्हणजे हा आकडा 2012 च्या किमती पाया धरलेल्या मालिकेवर काढला होता आणि तिच्यात खाण्यापिण्याचा वाटा 45.86 टक्के होता. 2024 च्या ऑक्टोबरात भाज्या फार महाग होत्या, त्या 2025 मध्ये उतरल्या की सगळा आकडाच खाली ओढला जातो. तेल मात्र चढलेलंच होतं, आणि तुम्ही सियागंजातून आणता ते तेल-डाळ-मसाले, भाजी तिथून थोडीच आणता! ज्या घरात दोन पोरांची फी आणि आजोबांची औषधं आहेत त्या घराची महागाई वेगळीच असते. मागच्या दिवाळीचं बिल सापडलं तर या वर्षीच्या बिलाशेजारी ठेवून तीच-तीच दहा सामानं जुळवा, निवृत्तीसाठी किती लागतील हे ठरवताना पेपरातल्यापेक्षा तो आकडा धरा. पाव टक्का धरून प्लॅन केलात तर फार कमी पडेल.

सेन्सेक्स 600 पॉइंट पडला की घरात टेन्शन येतं, एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारी ठरलेली रक्कम) थांबवावी का?

पॉइंट बघूच नका, टक्का काढा. 28 एप्रिल 1992 ला सेन्सेक्स 570 पॉइंट पडला होता आणि ती 12.77 टक्क्यांची पडझड होती, कारण तेव्हा इंडेक्सच साडेचार हजारांच्या आसपास होता. इंडेक्स 80 हजारांच्या वर असेल तर 600 पॉइंट म्हणजे पाऊण टक्काही नाही. खरं पडणं 23 मार्च 2020 ला झालं होतं, एका दिवसात 13.15 टक्के, आणि त्या महिन्यातही ज्यांनी एसआयपी चालू ठेवली त्यांना युनिट्स स्वस्तात मिळाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे त्यात असतील तर मात्र मुळात ते तिथे नकोत.

मी विजय नगरला जॉब करतो. एजंट म्हणतो नवीन फंड आलाय, 10 रुपयांना युनिट, जुन्या फंडाचा एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, 340 आहे, तो महाग झालाय. खरंय का?

नाही रे. सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री जातोस ना, तिथे तो पावभराचा एकच जलेबा मिळतो आणि बाजूला छोट्या जिलेब्याही मिळतात. पाव किलो जिलेबी घेतलीस तर पंधरा-वीस येतील, जलेबा घेतलास तर एकच, पण ताटात पडलं ते पावभरच. तुझे एक लाख 10 च्या फंडात टाकलेस तर 10,000 युनिट्स, 340 च्या फंडात 294 च्या आसपास, आणि दोन्ही फंड दहा टक्के वाढले तर दोन्हीकडे एक लाख दहा हजारच होणार. उलट जुन्या फंडाची पाच-दहा वर्षांची चाल तुला बघता येते, नवीन फंडाकडे दाखवायला काही नसतं. एजंटला विचार, डायरेक्ट प्लॅन (एजंटशिवाय घेतलेला) आणि रेग्युलर प्लॅन (एजंटमार्फत घेतलेला) यांच्या खर्चात किती टक्क्यांचा फरक आहे. तो टक्का दर वर्षी तुझ्या सगळ्या रकमेवर कापला जातो, डोकं तिथे लाव.

ताई, माझे बाबा रिटायर झालेत. शेअरच्या टिप्स देणाऱ्या एका ॲडव्हायझरीतून फोन येत होता, शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीकडे रजिस्टर्ड आहोत, महिन्याला 10 टक्के गॅरंटी. बाबांनी आधी 18,000 भरले, मग अपग्रेडचे 35,000. आता नफा काढायचा तर आधी जीएसटी भरा म्हणताहेत. काय करू?

आधी एक रुपयाही अजून भरू नकोस. नफा सोडवायला आधी टॅक्स भरा, असं कुठलाच खरा सल्लागार सांगत नाही.

हे पत्र वाचून फार वाईट वाटलं, कारण आपल्या इंदूरवर हा डाग आहे. सेबीने कारवाई केलेल्या टिप्सवाल्यांमध्ये इथल्या कितीतरी फर्म्स निघाल्यात, आणि फोन करणारी पोरंही आपल्याच गल्लीतली असतात, टार्गेटवर नोकरी करणारी. माझ्या बिल्डिंगमधल्या एका काकांच्या शेजारी बसून मी असा एक कॉल ऐकलाय, त्यांनी स्पीकर लावला होता. पलीकडची मुलगी इतकी गोड बोलत होती, अंकल जेवलात का, आंटींचा गुडघा कसा आहे, काका रोज त्या फोनची वाट बघायचे. रिटायर माणसाला कोणी रोज विचारत नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

सल्लागाराचा सेबी नंबर आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने. सेबीच्या साइटवर नाव आणि नंबर दोन्ही जुळवून बघ, कारण दुसऱ्याचा नंबर वापरणारेही असतात. आणि नंबर खरा निघाला तरी गॅरंटी देणं नियमात बसत नाही, महिन्याला 10 टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षात पैसे तिप्पट, असा धंदा ज्याच्याकडे आहे तो तुमच्या 18,000 साठी फोन कशाला करेल? बाबांकडून फ्युचर-ऑप्शन (शेअरच्या पुढच्या भावावर लावलेले सौदे, त्यालाच एफ ॲन्ड ओ म्हणतात) करून घेतलं असेल तर हेही माहीत असू दे, सेबीच्याच 2024 च्या अभ्यासात त्याआधीच्या तीन वर्षांत एफ ॲन्ड ओ करणाऱ्या साध्या लोकांपैकी 93 टक्के तोट्यात निघाले.

नंबर खरा असेल तर सेबीच्या स्कोर्स पोर्टलवर तक्रार टाक, खोटा असेल तर आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. पैसे कोणाच्या खात्यात गेले ते बघ, एखाद्या माणसाच्या यूपीआयवर गेले असतील तर तो स्क्रीनशॉट सगळ्यात आधी जपून ठेव. शेअर ठेवायच्या डिमॅट खात्याचा पासवर्ड बदल, ओटीपी सांगितला होता का ते विचार, कॉल रेकॉर्डिंग आणि व्हॉट्सॲप डिलीट करू देऊ नकोस.

हे सगळं बाबांना शेजारी बसवून कर. त्यांना बोलू नकोस, त्यांनी 53,000 गमावलेत हे त्यांना माहीत आहे, कदाचित झोपही लागत नसेल. 1930 चा फोन त्यांच्याच मोबाइलवरून लाव आणि तू फक्त कागद समोर धर, तारखा आणि रकमा त्यांनाच सांगू दे.