बंदर की पर्यावरण, दोन्ही एकाच टेबलावर

प्रश्न : मी डहाणूची, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाढवण बंदर होतंय, म्हणून पोर्ट प्लॅनिंग करावंसं वाटतं. पण बाबांची बोट आहे आणि गावाचा बंदराला विरोध. पर्यावरण घेतलं तर घरी चालेल, पण त्यात पुढे काही आहे का?

उत्तर : तू ज्या दोन वाटा म्हणतेस, त्या कामावर गेल्यावर एकच होतात. वाढवणचंच बघ. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र. तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाने 1998 मध्ये बंदराला नकार दिला आणि 2023 मध्ये अटी घालून परवानगी. प्रत्येकी हजार मीटरची नऊ कंटेनर टर्मिनल्स, समुद्रात सुमारे 1,448 हेक्टर भराव, दहा किलोमीटरहून लांब ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध. हा ब्रेकवॉटर कुठे वळवायचा, भरावाची वाळू कुठून आणायची, गाळ कुठे टाकायचा, हे सगळे इंजिनिअरचेच प्रश्न. पर्यावरण परवानगीच्या फाइलमध्येही तेच असतात. नकाशा आधी आणि परवानगी मागून, असं ज्यांनी केलं त्यांना नकाशे पुन्हा काढावे लागलेत.

तेव्हा सिव्हिल पूर्ण कर, गेट (एम.टेक. प्रवेशाची परीक्षा) दे आणि ओशन किंवा कोस्टल इंजिनिअरिंगकडे वळ. आयआयटी मद्रासला ओशन इंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग आहे. त्याआधी सुट्टीत खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात इंटर्नशिपसाठी अर्ज टाक. भरती-ओहोटी आणि लाटा तिथे मॉडेलवर तपासतात. सल्लागार कंपनीत लागलीस तर पहिली दोन वर्षं तक्ते भरण्यात जातील, हे गोड करून सांगत नाही.

एक अभ्यास आजच सुरू कर. जनसुनावणीआधी पर्यावरण आघात अहवालाचा (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्याचा) सारांश मराठीत द्यावाच लागतो. कुठल्याही बंदराचा मिळव आणि मासळीचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले ते शोध. पावसाळा सोडून एकाच ऋतूची माहिती बऱ्याचदा चालवून घेतात. जून-जुलैत मासेमारी बंद का असते, हे तुझ्या बाबांना विचार. अंडी घालायचा हंगाम त्यांना तोंडपाठ असेल, अहवालात मात्र तो सापडेलच असं नाही.

बंदर व्हावं की नाही, ते मी ठरवणारा कोण? बाबांची समजूतही मी घालणार नाही. पण तो सारांश त्यांच्या शेजारी बसून वाच, जिथे ते ‘हे खोटं’ म्हणतील तिथे पेन्सिलने खूण कर, आणि त्या खुणा घेऊन मला पुन्हा लिही.