दोन्हीकडे अपराधी वाटते तेव्हा

अमेरिकेतील मराठी घरांमधल्या मुलामुलींचे समुपदेशन करताना एक काळजी माझ्यापुढे वारंवार येते. मुलगा किंवा मुलगी नॅशनल गार्डमध्ये अथवा आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या राखीव दलांत, अर्धवेळ सेवेत असते आणि त्याच वेळी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असते. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले साधारण दोन आठवडे, एवढीच ही सेवा कागदावर दिसते; प्रत्यक्षात ती नेमकी परीक्षेच्या तोंडावर येऊन उभी राहते. आईवडील विचारतात, "हे दोन्ही झेपेल का?" मुले विचारतात, "आम्ही दोन्हीकडे कमी पडतोय का?" मला मुलांचा प्रश्न अधिक मुळाचा वाटतो, म्हणून एका विद्यार्थिनीची हकिगत, तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते आहे.

ती वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होती. पदवीचा खर्च भागावा म्हणून ती गार्डमध्ये भरती झाली, तेथे तिने मेडिकचे, म्हणजे जखमी सैनिकांवर प्रथमोपचार करण्याचे, प्रशिक्षण घेतले आणि त्याच कामात तिला डॉक्टर होण्याची ओढ लागली. आईचे म्हणणे सरळ होते: "गार्ड सोडून दे." परंतु भरतीच्या कराराने एकूण ८ वर्षांची बांधिलकी येते, त्यातली बहुधा ६ वर्षे प्रत्यक्ष ड्रिलची, म्हणजे दरमहा सरावाला हजर राहण्याची, असतात, आणि मनात आले म्हणून ती मध्येच टाकून देता येत नाही. हे आईच्या गळी उतरवण्यात बराच वेळ गेला, पण तो सत्कारणी लागला; कारण त्यानंतर घरातला रोजचा वाद थांबला.

मुलीची मागणी वेगळी होती. "ताई, मला वेळेचं नियोजन शिकवा." तिने दाखवलेले वेळापत्रक अर्ध्या अर्ध्या तासाचे होते आणि त्यात सुधारण्यासारखे काहीही नव्हते. तास अपुरे पडले की माणूस थकतो. रात्री दोनला दचकून उठत नाही; ती मात्र उठत होती. मी विवेकनिष्ठ विचारसरणीने काम करते, त्यामुळे माणूस कोणत्या प्रसंगात सापडला आहे यापेक्षा त्या प्रसंगाविषयी तो स्वतःशी काय बोलतो, याकडे माझे लक्ष आधी जाते. म्हणून मी तिला महाविद्यालयाला पाठवलेला शेवटचा ईमेल वाचायला सांगितला.

पहिल्या तीन ओळींत क्षमायाचना होती. ड्रिलची तारीख सर्वांत शेवटी होती, आणि ईमेल ड्रिलच्या अवघे दोन दिवस आधी पाठवलेला होता.

"ही तारीख तुला केव्हा कळली होती?"

"वर्षाचं वेळापत्रक ऑक्टोबरमध्येच हातात येतं."

"मग इतके महिने का थांबलीस?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हिला डॉक्टर व्हायचंच नाहीये. आणि युनिटमध्ये परीक्षेचं नाव काढलं, की वाटतं, आता हे म्हणतील, मोठी डॉक्टरीण झाली, हिला आता आपण नकोत."

"तुझ्या वर्गात बाळ असलेली कुणी आहे?"

"आहे एक."

"बाळाच्या तपासणीची तारीख ती आधी कळवते. तिच्याबद्दल तुला काय वाटतं?"

"जबाबदार आहे." एवढे बोलून ती थबकली. "आणि मी तारीख लपवते."

एवढ्या संवादासाठी त्याआधीच्या कितीतरी भेटी खर्ची पडल्या होत्या, पण मी वाट पाहिली याचे मला आजही समाधान वाटते. हेच वाक्य मी तिला ऐकवले असते, तर तिने ते उपदेश म्हणून मान डोलावून सोडून दिले असते. खऱ्या डॉक्टरची निष्ठा एकाच ठिकाणी असते आणि खऱ्या सैनिकाचीही, असा तिने स्वतःवरच एक नियम लादला होता. तो कुणी घालून दिला नव्हता, तरी त्याच्या भीतीने ती दोन्हीकडे गप्प राहत होती, आणि ऐनवेळी कळल्यामुळे दोन्हीकडची माणसे खरोखरच नाराज होत होती.

त्यानंतर कामाची गोष्ट सोपी झाली. आम्ही दोन्ही वेळापत्रके प्रथमच एका कागदावर उतरवली आणि वर्षभराच्या ज्या तारखा एकमेकींवर येत होत्या, त्या सर्व तिने महाविद्यालयाच्या विद्यार्थी कार्यालयाला आणि युनिटच्या कमांडरना एकाच दिवशी लेखी कळवल्या, प्रत्येक तारखेसोबत स्वतःचा पर्याय सुचवून. ड्रिल दुसऱ्या दिवशी भरून काढण्याची मुभा कमांडर देऊ शकतात, पण तो त्यांचा अधिकार आहे, विद्यार्थ्याचा हक्क नव्हे. हा फरक नीट ध्यानात ठेवला, म्हणजे नकाराचा घाव बसत नाही. तिला एका ड्रिलसाठी नकार मिळाला आणि ती त्या ड्रिलला हजर राहिली.

कायद्याबाबतही गैरसमज फार आहेत. २००८च्या संघराज्य कायद्यानुसार सक्रिय, म्हणजे पूर्णवेळ, सेवेसाठी बोलावल्या गेलेल्या विद्यार्थ्याला परत आल्यावर त्याच शैक्षणिक दर्जाने प्रवेश द्यावा लागतो, मात्र ते संरक्षण ३० दिवसांहून अधिक काळाच्या सेवेला आहे. महिन्याच्या ड्रिलला ते लागू होत नाही, तेथे महाविद्यालयाचे स्वतःचे नियम पाहावे लागतात, आणि ते प्रवेश घेण्यापूर्वीच विचारून घ्यावेत, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

दोन आठवड्यांचे वार्षिक प्रशिक्षण बहुधा उन्हाळ्यात असते, म्हणजे दुसरे वर्ष संपवून स्टेप १ या डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या पहिल्या परीक्षेची तयारी करण्याच्या काळात. ही परीक्षा २०२२पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी झाली आहे आणि ती तीन महिन्यांच्या मुदतीत निवडलेल्या दिवशी देता येते, तेव्हा तारीख प्रशिक्षणाकडे पाहून ठरवावी. तिसऱ्या वर्षी रुग्णालयातील पाळ्या सुरू झाल्या, की शनिवार-रविवारही हाती राहत नाहीत. त्या वर्षाची बोलणी दुसऱ्या वर्षातच झालेली बरी.

राहिली गोष्ट वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या लष्करी विद्यावेतनाची. त्याच्या मोबदल्यात पुढील सेवेची वर्षे वाढतात. कर्जाच्या धास्तीने त्यावर सही करू नये, आणि शिक्षण चालू असताना मोहिमेवर पाठवणार की नाही, याचे भरती अधिकाऱ्याचे तोंडी आश्वासन न मानता ते करारात लिहिलेले पाहावे. तिने तो करार वाचायला घरी आणला आहे आणि आईसोबत बसून ती तो कलमागणिक वाचते आहे.